बाटलीवरची बारीक अक्षरं

न्यू जर्सीहून भाचा येतो तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटांबरोबर गोळ्यांच्या बाटल्याही असतात. केसांसाठी, गुडघ्यांसाठी, झोपेसाठी. गेली काही वर्षं मीच त्याला यादी पाठवत होते आणि आलेल्या बाटल्या जावेला, शेजारणींना, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना वाटत होते. अमेरिकेतून आलंय म्हणजे तपासूनच आलेलं असणार, यापलीकडे मी विचार केला नव्हता. त्यातून जे झालं ते सांगायला हवं, कारण अशा याद्या आज घरोघरून जातात.

मला थायरॉइडचा जुना त्रास. रोज सकाळी उपाशीपोटी १०० मायक्रोग्रॅमची गोळी आणि अधूनमधून रक्ततपासणी, एवढ्यावर सगळं सुरळीत चाललं होतं. मग केस गळायला लागले म्हणून भाच्याकडून बायोटिन मागवलं. बाटलीवर १०,००० मायक्रोग्रॅम असा आकडा होता. मोठा आकडा म्हणजे मोठा गुण, असं मला वाटलं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमची असते. मी तिच्या निदान अडीचशे पट रोज गिळत होते.

पुढच्या तपासणीत टीएसएच एकदम खाली आणि टी-फोर वर गेलेला. याचा सरळ अर्थ, थायरॉइडची गोळी जास्त होतेय. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही चालू आहे का?" मी नाही म्हणाले. लपवायचं नव्हतं, पण व्हिटॅमिनला मी औषध धरतच नव्हते. डोस ७५ वर आला. काही आठवड्यांत अंग जड झालं, जिना चढताना पाय ओढावे लागायला लागले, आणि केसांचे तर पुंजके हातात यायला लागले. केस गळतात म्हणून मी बायोटिनच्या दोन गोळ्या सुरू केल्या. पुन्हा रक्त दिलं, तेही सकाळी त्या गोळ्या घेऊनच. रिपोर्ट तसाच आला. डोस ५० वर.

अंग एक सांगत होतं आणि कागद दुसरं. मी सगळा दोष लॅबला दिला. काउंटरवरच्या मुलाला चार लोकांसमोर वाट्टेल ते बोलले. तो बिचारा आत गेला आणि मी भरलेला फॉर्म घेऊन आला. ‘चालू असलेली औषधे व सप्लिमेंट’ या रकान्यात मी थायरॉइडच्या गोळीचं नाव लिहून पुढे रेघ मारली होती. "काकू, केसांच्या गोळ्या वगैरे घेता का?" त्याने विचारलं. तोवर हा प्रश्न असा नेमका कुणी विचारला नव्हता.

अनेक लॅबमधल्या थायरॉइडच्या चाचण्यांत बायोटिनच वापरलेलं असतं. ते एका प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि त्या बंधावरून मोजमाप होतं. रक्तातच बायोटिनचा भरणा असला की ते ही जागा अडवतं. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-फोर खोटा जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिन चाचणी बायोटिनमुळे खोटी कमी आली आणि रुग्ण दगावला, अशी एक नोंदही त्यात आहे. मी ज्यांना बाटल्या दिल्या त्यातल्या एका मैत्रिणीची अँजिओप्लास्टी झालेली आहे. हे वाचल्यावर पहिला फोन तिला केला.

बायोटिन थांबवून काही दिवसांनी रक्त दिलं तेव्हा खरा टीएसएच कळला. तो कितीतरी वर गेला होता. डोस पुन्हा १०० वर आला, पण गाडी रुळावर यायला महिने लागले. त्या मुलाची माफी मागून आले.

मग भिंग घेऊन बाटली वाचली. पुढे केसांच्या आरोग्याला आधार देण्याचं वाक्य आणि त्याच्या शेवटी एक चांदणी. चांदणीचा खुलासा मागच्या चौकटीत: हे विधान एफडीएने तपासलेलं नाही, आणि हे उत्पादन कुठल्याही रोगाच्या निदानासाठी वा उपचारासाठी नाही. तिथल्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट विकण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. माल सुरक्षित आहे हे बघायचं कंपनीनेच. सरकार हलतं ते बहुतेक वेळा तक्रारी आल्यावर. भाच्याला हे पटेना. "अगं मावशी, इथे सुपरमार्केटमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, म्हणजे सेफच ना?" मीही तेच समजत होते. आपल्याकडे रीतसर आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. काही बिघडलं तर धरायला कुणीतरी असतं. बॅगेतून आलेल्या बाटलीची आयातदार मी होते, आणि मी तर लेबलही वाचलं नव्हतं.

याहून जास्त टोचतं ते जावेचं. तिच्या गुडघ्यांसाठी मी हळदीच्या कॅप्सूल मागवल्या होत्या. आम्ही सांगलीचे, हळद आमच्या डोळ्यांसमोरून पोत्यांनी जाते. "हळदच आहे, काय होणार?" हे वाक्य माझं. पण कॅप्सूलमध्ये होता कर्क्युमिनचा अर्क, आणि जोडीला मिऱ्यातलं पायपरिन. पायपरिनबरोबर दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन २,००० टक्क्यांनी वाढतं, असं १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं. बाटलीवर तो आकडा ठळक छापला होता. आमटीतल्या हळदीतलं कर्क्युमिन फारसं शोषलंच जात नाही, त्यामुळे आजीपासूनचा आपला अनुभव इथे लागू पडत नाही. हळदीच्या सप्लिमेंटशी जोडलेल्या यकृतविकाराचे १० रुग्ण अमेरिकी संशोधकांनी २०२२ मध्ये नोंदवले. त्यातल्या पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये लोकांना सावध केलं. असा त्रास क्वचितच होतो, हे खरं. पण जावेला आधीपासून फॅटी लिव्हर आहे, आणि ते मला ठाऊक होतं.

तिला घेऊन यकृताची तपासणी करून आले. एन्झाइम वाढलेली निघाली. कॅप्सूल बंद केल्यावर ती हळूहळू उतरली. त्या कॅप्सूलमुळेच वाढली असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. मलाही तसं म्हणता येणार नाही. "तू दिल्यास म्हणून घेतल्या गं," एवढंच जाऊ म्हणाली. वर हेही सांगितलं, की गुण येतोय असं वाटून तिने एक बाटली विहीणबाईंना दिली आहे. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात, आणि अशा कॅप्सूलने तिचा परिणाम वाढू शकतो. फोनवर त्यांना पटलेलं नाही. उद्या मी जाऊन ती बाटली परत आणणार आहे.