भिलारची वाट आणि शंभर पुस्तकांची पैज

वाईहून पसरणीचा घाट चढताना गाडीत बायकांच्या बाजूला बसावं आणि खिडकी धरावी. एकेका वळणाला वाईचा सगळा मुलूख खाली खाली जातो. धोम धरणाचं पाणी उन्हात चकाकतं आणि हळदीची, उसाची रानं गोधडीच्या ठिगळांसारखी दिसू लागतात. गेल्या पौषात आम्ही अकरा जणं एका ट्रॅक्समध्ये दाटीवाटीनं बसून हा घाट चढलो. जायचं होतं भिलारला. देवदर्शन नव्हतं, लग्न नव्हतं, कुणाची विचारपूसही नव्हती. पुस्तकं बघायला निघालो होतो. वाटेत चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "कुठली मंडळी?" आम्ही सांगितलं. तो म्हणाला, "पुस्तकं बघायला? एवढं डिझेल जाळून?" त्याचंही खरंच होतं म्हणा. पण त्यामागं एक हकीकत आहे. ती आधी सांगते.

आमच्या गावात आषाढी एकादशीला देवळात भजन झालं आणि निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी विषय काढला. आमचं वाचनालय जुनं आहे. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, पुढं कधीतरी त्याखाली आम्हाला 'ड' वर्ग मिळाला, दोन कपाटं आली. पण कपाटाची किल्ली कुणाकडं आहे, हे विचारत फिरावं लागे. गुरुजी म्हणाले, "सप्ताहाला सात दिवसांत अख्खी ज्ञानेश्वरी वाचता. मग आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिन्यांत गावानं मिळून शंभर पुस्तकं वाचून दाखवा." गावातल्या एका खात्यापित्या माणसानं तिथल्या तिथं पैज लावली, की शंभर झाली तर वाचणाऱ्यांना भिलारला नेऊन आणायचा खर्च माझा. टाळ खाली ठेवायच्या आत चौदा नावं झाली. त्यात माझं होतं आणि माझ्या धाकट्या जावेचंही होतं. तिचं नाव मीच घातलं, तिला न विचारता.

शंभर पुस्तकं ऐकायला मोठी वाटतात. चौदा जणांनी दर पंधरा दिवसांनी एक वाचलं तर आठ पंधरवड्यांत एकशे बारा होतात. वहीवर हिशेब सोपा होता. पण आषाढ-श्रावण म्हणजे भांगलणीचे दिवस. भाद्रपदात घेवडा काढणीला येतो. संध्याकाळी धार काढून डेअरीत दूध घालून यावं, भाकरी थापाव्यात, तोवर लाईट गेलेली असते. दुसऱ्या एकादशीला बसलो तेव्हा चौदा जणांत मिळून पाच पुस्तकं झाली होती. त्यातलं एक तीस पानांचं, शेळीपालनाचं.

त्या शेळीपालनावरूनच पहिलं भांडण झालं. एकीनं साडेतीनशे पानांची कादंबरी निम्मी वाचली होती, तिच्या नावावर काहीच नाही आणि तीस पानांवाल्याच्या नावावर एक पुस्तक! गुरुजींनी मग पारायणाचाच दाखला दिला. तुमच्या गावात सप्ताह होत असेल तर तुम्हालाही हे ठाऊक असेल. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा, पण सारखे नाहीत. पहिला तीनशे ओव्यांच्याही आतला आणि अठरावा अठराशेंच्या वर. सगळ्या मिळून नऊ हजारांच्या आसपास ओव्या. त्याला सातानं भागलं की रोजच्या तेराशेच्या घरात जातात. म्हणून वाटणी करणारा जाणता माणूस अध्याय मोजत नाही, ओव्या मोजतो. सुरुवातीला तीन-चार अध्याय एका दिवसात उरकतात, शेवटचा मात्र एकटाच दिवस खातो. तसं आम्हीही पुस्तकं सोडून पानं मोजायचं ठरवलं. शंभर पानं म्हणजे एक पुस्तक. भांडण मिटलं आणि एक फायदाही झाला. जाड पुस्तकाला भिणारी माणसं भ्यायची थांबली.

तुम्हाला गावात असं काही करायचं असेल तर ही पानांची रीत पहिल्या दिवसापासून ठेवा. आम्हाला ती उशिरा सुचली. आणि वार ठरवताना नवा वार शोधू नका. आमचं एकादशीचं भजन आधीचंच होतं, त्याला हे जोडलं. उपासामुळं त्या दिवशी बायकांचं चुलीपुढचं काम थोडं हलकं असतं. पुरुषांचं काम कधी हलकं असतं, ते त्यांनाच विचारावं.

दुसरं भांडण माझ्या घरातलं होतं. माझी जाऊ पाचवीतून शाळा सुटलेली. लग्नाला वीस वर्षं झाली. अक्षरओळख होती, पण वाचायची सवय पार गेलेली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचायची. पहिल्या पंधरवड्यात तिची सव्वीस पानं झाली. ती सांगायची लाज वाटून दुसऱ्या एकादशीला ती आलीच नाही, गाईचं निमित्त केलं. तेव्हा मला समजलं, की तिला न विचारता नाव घालून मी चूक केली होती. मी घरी येऊन तिला म्हटलं, "नाव काढते बाई तुझं." ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी रात्री बघते तर आत्याबाईंच्या अंथरुणापाशी बसून ती मोठ्यानं वाचत होती. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख अजिबात नाही. जाऊ अडखळली की त्या अंदाजानं पुढचा शब्द सांगत. तो बरोबर आला की दोघी हसत. मनात वाचताना जाऊला लाज वाटायची. सासूला वाचून दाखवताना ती कामाचीच बाब झाली, मग लाज कसली?

पुढच्या एकादशीला मी आत्याबाईंचंही नाव वहीत घालायला सांगितलं. एकजण म्हणाला, "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. असं असेल तर माझी म्हैस पण रेडिओ ऐकते." लोक हसले. मला राग आला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "पारायणात व्यासपीठचालक एकच असतो. मांडवात बसलेल्या बाकीच्यांना पुण्य नाही म्हणणार का?" त्यावर कुणी बोलेना. आत्याबाईंचं नाव पंधरावं झालं.

कार्तिकीला हिशेब झाला. पानांच्या रीतीनं एकसष्ट पुस्तकं भरली. पैज हरलो. चौघं मधेच गळाले होते, त्यातल्या दोघांच्या घरी दुखणी होती. पैज लावणाऱ्यानं मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." आता इतकं झाल्यावर भिलार बघायचं राहिलं ही गोष्ट सगळ्यांना लागली. शेवटी ऊस तुटून कारखान्याला गेला, त्याचे पैसे आले आणि ज्यांना यायचं होतं त्यांनी आपापली वर्गणी काढली.

वाटेत वाईला थांबलो. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीला हात जोडले. मराठी विश्वकोशाचं कार्यालय याच गावात आहे, हे गुरुजींनी मुद्दाम सांगितलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच. त्यांच्या हाताखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढं मोठं काम मुंबई-पुण्याला न होता नदीकाठच्या या गावात झालं, याचं मला बरं वाटलं.

पाचगणी मागं टाकून महाबळेश्वरच्या रस्त्यानं पुढं गेलं की भिलारचा फाटा लागतो. गाव डोंगरउतारावर आहे. रान सगळं स्ट्रॉबेरीचं. तांबडी माती, त्यावर उंच वाफे, वाफ्यांवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद आणि त्याच्या भोकांतून वर आलेली रोपं. खाली ठिबकच्या नळ्या. आमच्यातले पुरुष पुस्तकं विसरून आधी वाफ्यांतच शिरले. रोप कधी लावता, तोडा किती दिवसांनी, फळ पेटीत भरताना देठ ठेवता का, सगळं विचारून घेतलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण तोडणी करणारी बाई म्हणाली, "मानांकन बाजारात. इथं कंबर मोडते."

याच गावाला ४ मे २०१७ रोजी सरकारनं 'पुस्तकांचं गाव' केलं. राज्य मराठी विकास संस्थेनं ते उभं केलं. कल्पना विलायतेतल्या वेल्स प्रांतातली. तिथं हे-ऑन-वाय नावाचं नदीकाठचं छोटं गाव आहे. रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं तिथं जुन्या पुस्तकांची दुकानं सुरू केली आणि हळूहळू गावभर पुस्तकांचीच दुकानं झाली. या बूथनं १९७७ च्या एक एप्रिलला स्वतःला त्या गावाचा राजा म्हणवून घेतलं होतं. एक एप्रिल ही तारीख त्यानं जाणूनबुजूनच निवडली असणार! पण तिथं पुस्तकं विकतात. भिलारला विकत नाहीत आणि घरीही नेऊ देत नाहीत. तिथंच बसायचं, हवं तेवढं वाचायचं, पैसा लागत नाही. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं होती आणि सुमारे पंधरा हजार पुस्तकं. ही ठिकाणं म्हणजे वाचनालयाची इमारत नव्हे, तर लोकांची राहती घरं, देऊळ, शाळा, पाहुण्यांना उतरायच्या जागा. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, कुठं बालसाहित्य, कुठं संतसाहित्य, एके ठिकाणी दिवाळी अंक. भिंतींवर त्या त्या विषयाची चित्रं काढलेली.

दुसऱ्याच्या घरात आपण उगाच कसं शिरणार? आम्ही दारात चपला काढून घुटमळत होतो. घरधनीण सूप घेऊन निवडत बसली होती. ती म्हणाली, "या की. पुस्तकं आतल्या खोलीत." इतकंच बोलून ती पुन्हा निवडायला लागली. मी विचारलं, "तुम्ही वाचता का यातलं?" ती हसली. "फळाच्या दिवसांत कुठली सवड? पावसाळ्यात दारं लावून बसावं लागतं, तेव्हा वाचते. कपाटाच्या खालच्या फळीपर्यंत आलेय." तिच्याकडून समजलं, की शनिवार-रविवारी लोक येतात, त्यातले बरेच कपाटापुढं उभं राहून फोटो काढतात आणि जातात. बसणारे थोडे. मला ते ऐकून वाईट वाटलं खरं, पण आम्ही तरी काय, अर्धा वेळ स्ट्रॉबेरीत घालवलाच होता.

चरित्रं-आत्मचरित्रं होती त्या घरात गुरुजींनी माझ्या जावेच्या हातात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेलं पुस्तक. गुरुजी एवढंच म्हणाले, "ह्या बाई लग्नानंतर नवऱ्याकडून लिहावाचायला शिकल्या." जाऊ ओसरीवर खांबाला टेकून बसली. बोट ओळीखाली. आम्ही सगळे गावभर फिरून आलो, देवळात गेलो, शाळेत गेलो, पेटीभर फळं घेतली, पिठलं-भाकरी खाल्ली. तिला बोलवायला गेले तर तिनं जेवायलाही नकार दिला. लहानपणी वडिलांच्या कडक सोवळ्यानं घरादाराला कसं जेरीला आणलं होतं, तो भाग ती वाचत होती आणि एकटीच हसत होती. आता तिचे ओठ हलत होते की नाही, ते मला लांबून दिसलं नाही.

चार वाजले. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. घरी धारा काढायच्या होत्या, घाट अंधाराच्या आत उतरायचा होता. मी म्हटलं, "चल गं, ऊठ." ती म्हणाली, "आक्का, एवढं एक पान." ते झालं, मग आणखी एक. पुरुष कुरकुरू लागले. शेवटी घरधनीणच आली, म्हणाली, "ताई, पुस्तक नेता यायचं नाही हो, इथलं इथंच ठेवावं लागतं. पण परत या. ह्याच फळीवर असेल." जावेनं माझ्याकडून पेन घेतलं आणि तळहातावर पानाचा आकडा लिहिला. सत्तेचाळीस. घाटभर ती मूठ मिटूनच बसली होती.

आठ दिवसांनी मी तालुक्याच्या वाचनालयातून तेच पुस्तक काढून आणलं. पण ती छापणी निराळी. सत्तेचाळिसाव्या पानावर भलताच मजकूर. जाऊ अर्धा तास पानं चाळत राहिली. जागा सापडली, पण तिथून वाचायला सुरुवात करणार तोच आत्याबाई अंथरुणावरून म्हणाल्या, "मागचं मला कुठं ठाऊक आहे? मी कुठं आले होते भिलारला?"

म्हणून मग पहिल्या पानापासून परत सुरुवात झाली. वाचनालयातून दोनदा मुदत वाढवून घेतली आहे. वहीत ही पानं कुणाच्या नावावर घालायची आणि एकदा वाचलेली पुन्हा मोजायची का, यावर येत्या एकादशीला पुन्हा वाद होणार आहे. म्हशीवाल्यानं या वर्षी स्वतःचं नाव आधीच देऊन ठेवलंय.