तंजावर, ऑगस्ट महिन्यात

तंजावर पाहावे ते डिसेंबर-जानेवारीत, असे कोणीही सांगेल. हवा सौम्य असते, मुलांना सुट्ट्या असतात. परंतु हा सल्ला धडधाकट पायांसाठी आहे. माझ्या यजमानांना सात वर्षांपूर्वी पार्किन्सनचे निदान झाले. अरुंद दारापाशी किंवा माणसांच्या दाटीत त्यांची पावले एकाएकी जमिनीला खिळतात. अशा वेळी मागून कोणी ‘चला, चला’ म्हटले की उरलेसुरले बळही ओसरते. म्हणून आम्ही ऋतू निवडला तो हवा पाहून नव्हे, गर्दी पाहून.

आपल्याकडे ऑगस्टमध्ये मुसळधार असते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला मुख्य पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. ऑगस्टची दुपार ३५ अंशांच्या आसपास तापते. या आजारात उठून उभे राहताना रक्तदाब घसरू शकतो आणि अंगातले पाणी कमी झाले की तो अधिकच घसरतो. निघण्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या आणि पाण्या-मिठाचे प्रमाण आम्ही डॉक्टरांकडून लिहून घेतले. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट उपदेश आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानू नये.

दिवस गोळीच्या घड्याळावर बांधला. पहाटे पाचला लेव्होडोपा, इडली त्यानंतर पाऊण तासाने. कारण प्रथिनांमुळे या औषधाचे शोषण मंदावते. गोळीचा गुण येईतो आम्ही बृहदीश्वराच्या दारात पोहोचलेले असू.

राजराज चोळाने हे मंदिर इ.स. १०१० मध्ये पूर्ण केले. विमान सुमारे ६० मीटर उंच, पण आमच्या दृष्टीने मोलाचे ते अंगण: विस्तीर्ण, सपाट आणि त्या वेळी जवळजवळ रिकामे. पाय अडकले तर जमिनीवरची रेघ ओलांडायची, असे फिजिओथेरपिस्टने शिकवले आहे. घरी त्यासाठी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. येथे फरशीचे सांधे पुरले. एक सांधा, एक पाऊल. दोनदा थांबलो, दोन्ही वेळा मागे कोणीच नव्हते.

प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूस भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आहे. यजमानांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. हा शिलालेख त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा होता. घडीच्या स्टुलावर बसून ते वाचू लागले. आजाराने त्यांचा आवाज इतका बारीक केला आहे की घरी टीव्ही बंद केल्याखेरीज तो मला ऐकू येत नाही. तेथे प्रत्येक शब्द ऐकू आला. एका ओळीवर अडले, मागे गेले, पुन्हा वाचले. वर्गात असत तसे! मीही प्रश्न विचारू लागले, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच आमचे बोलणे गोळ्या व शौच यांपलीकडे गेले.

नऊनंतर दगड तापू लागतो आणि पाय अनवाणी असतात. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना चटका बसल्याचे कळतही नाही, त्यांनी विशेष जपावे. साधे मोजे गुळगुळीत फरशीवर घसरतात. तळाला रबरी पकड असलेले आम्ही बरोबर नेले होते. साडेनऊला आम्ही खोलीवर परतत असू. दुपारी मंदिर बंदच असते, तेव्हा काही निसटल्याची हुरहूरही नाही. त्या दुपारी मी मनसोक्त झोपले. सोबतीच्या माणसाचाही तो प्रवास असतो, हे घरचे सारे विसरतात.

तिसऱ्या दिवशी राजवाड्यातले सरस्वती महाल पाहिले. सरफोजी राजांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रचिकित्सेची ओढ होती; रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून ठेवलेल्या नोंदी या संग्रहात जपलेल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचे केसपेपरच ते! आमच्या फाईलमधले कागद मात्र वर्षभरात पिवळे पडतात.

कुंभकोणमजवळचे दारासुरम राहिले. टॅक्सी ठरवलेली होती, पण त्या सकाळी यजमान म्हणाले, “मला पुन्हा भिंतीकडेच ने. शेवटचा भाग राहिलाय.” टॅक्सीवाल्याला नको म्हणून कळवले आणि स्टूल उचलले.