संध्याकाळी कुणाबरोबर बसता?

मानसशास्त्राची पदवी मला पुण्याने दिली. त्या शास्त्राच्या दोन शाखांना एकमेकींची किती गरज आहे, हे मात्र नारायणगावातल्या आमच्या घराने शिकवलं. त्या शिकण्यात ज्यांचा हात आहे, त्यांचं ऋण मला मोकळेपणाने मानायचं आहे.

दादाची दारू टोमॅटोच्या हंगामात वाढायची. मार्केटात क्रेट उतरले, पट्टी हातात पडली की मंडळी जमायची. मुक्ताबाईच्या जत्रेत, लग्नाच्या वरातीत आग्रह व्हायचा, तोही प्रेमाने. डॉक्टरांच्या औषधाने अंगाची थरथर थांबे. या आग्रहावर औषध नव्हतं. बरा झालेला दादा गावात आला की पुन्हा प्यायला लागे.

कॉलेजात चिकित्सा मानसशास्त्राचा पेपर वेगळा, सामाजिक मानसशास्त्राचा वेगळा. आमच्या बाईंनी एकदा सांगितलं, की अमेरिकेत १९२१ पासून दोन्ही विषयांचं नियतकालिक एकच होतं, १९६५ मध्ये त्याची दोन झाली. मग म्हणाल्या, “नियतकालिकं दोन झाली गं, माणूस एकच राहिला.”

मुक्तांगणचा रस्ता बाईंनीच दाखवला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. अनिताताई मनोविकारतज्ज्ञ होत्या, तरी इथे उपचार गोळ्यांपाशी संपत नाहीत. समूहात बोलणं असतं, स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले समुपदेशक असतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट असतो, घरी गेल्यावर पाठपुरावा असतो.

दादा तिथे उपचार घेऊ लागला, वहिनी त्या गटात बसू लागली आणि दादाचं पिणं लपवायचं, त्याच्या उधाऱ्या भागवायच्या, हे तिने बंद केलं. बाजारातला सगळ्यात जास्त आग्रह करणारा मित्र एकदा दादाबरोबर पाठपुराव्याला आला. नंतर तोच इतरांना बजावू लागला, “त्याला कुणी ‘घे’ म्हणायचं नाही. चहा सांगा.” ज्या गटाने दादाला ओढलं होतं, त्याच गटाने त्याला धरून ठेवलं.

अवचट दांपत्य, बाई, वहिनी आणि तो मित्र, या सगळ्यांची मी ऋणी आहे. आज माझ्याकडे कुणी आलं की मी झोप, भूक, थरथर सगळं विचारते. त्यानंतर विचारते, “संध्याकाळी कुणाबरोबर बसता? पुढच्या वेळी त्यांच्यापैकी एकाला घेऊन याल?”