छत्तीस शब्दांचं घर

झरीनाची चित्रं बघताना उर्दू येत नाही याचं पहिल्यांदा वाईट वाटलं. आमच्या नांदेडात आजोबांची पिढी निजामाच्या शाळेत उर्दू शिकली. आम्हाला अलिफसुद्धा ओळखता येत नाही!

झरीना (१९३७-२०२०) मूळची अलीगढची, आणि चक्क गणिताची पदवीधर. फाळणीनंतर काही वर्षांनी आई-वडील कराचीला गेले, ही देशोदेशी फिरत न्यूयॉर्कला राहिली. १९९९ साली तिने 'होम इज अ फॉरेन प्लेस' केलं. आधी नुसती शब्दांची यादी: घर, उंबरठा, दार, अंगण... मग प्रत्येक शब्दाला लाकडी ठशाचं एक चित्र. मोजक्या काळ्या रेषा आणि सुलेखनात तो उर्दू शब्द. अशी ३६ चित्रं. शब्द वाचता आला नाही तरी उंबरठा कळतो. २०११ मध्ये व्हेनिस बिएनालेत भारताच्या दालनात तिचं काम होतं.

मला मात्र आपलं लातूर आठवत राहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची घरं पडली, नवी गावं वसली. नव्या घरांना ना माळवद, ना ढाळज. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ते शब्द अजून येतात. घर पडल्यावर शब्द फार तर एखाद-दोन पिढ्या टिकतो.

आपली यादी कोण करणार, बोला?