डोडो कोणाला म्हणायचं?

फौजेत टोपणनाव एकदा चिकटलं की पेन्शनीपर्यंत सुटत नाही. 'डोडो' हे त्यातलंच एक. इंग्रजीतून आलेल्या या शब्दाचे दोन अर्थ: एक, बावळट माणूस, दुसरा, काळाच्या मागे पडलेला माणूस किंवा वस्तू. एखादी गोष्ट कायमची संपली की इंग्रज म्हणतो, ती डोडोइतकी मेली.

डोडो हा मॉरिशसचा पक्षी. थोराड, उडता न येणारा, जमिनीवर घरटं करणारा. १५९८ मध्ये डच खलाशी त्या बेटावर उतरले आणि पुढच्या शंभर वर्षांच्या आत डोडो नाहीसा झाला. नावाच्या मुळाबद्दल एकमत नाही. कोणी पोर्तुगीज भाषेतला 'वेडा' या अर्थाचा शब्द दाखवतं, कोणी डच भाषेतला 'आळशी' या अर्थाचा. १७६६ मध्ये लिनियसने तर त्याच्या शास्त्रीय नावातच 'इनेप्टस', म्हणजे नालायक, असा शब्द घातला. पक्षी गेला, शिवी तेवढी उरली.

अंदमान-निकोबारच्या पोस्टिंगवर आमच्याकडे साताऱ्याकडचे एक हवालदार होते. जुने रेडिओ ऑपरेटर, मोर्स त्यांच्या बोटांत मुरलेला. सॅटेलाइट फोनवर तयार झालेल्या नव्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं डोडो. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "साहेब, डोडो म्हणजे नक्की काय हो? चांगलं नसणार, एवढं पोरांच्या हसण्यावरून कळतं."

मी सांगितलं, की हा पक्षी माणसाला बघून पळाला नाही म्हणून मूर्ख ठरला. पण त्या बेटावर त्याला खाणारं जनावरच नव्हतं, मग तो भिणार कोणाला? खलाशांनी त्याला मारलं खरं, पण जास्त घात केला तो जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. त्यांनी जमिनीवरची अंडी फस्त केली. जंगलही तुटत गेलं.

"म्हणजे हल्ला पिछाडीवर झाला," हवालदार म्हणाले.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. डोडो हा मुळात कबुतरांच्या कुळातला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक सापडला, तो म्हणजे निकोबारी कबूतर.

"ते हिरवं, चकाकणारं? मानेवर आयाळ असलेलं?" त्यांचे डोळे मोठे झाले. "ते तर या बेटावरून त्या बेटावर उडत जातं की! म्हणजे आमचा भाऊबंद अजून ड्युटीवर आहे म्हणायचा."

कालबाह्य कोणाला म्हणायचं, हे या बेटांवर जरा जपूनच ठरवावं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथले फोन बंद पडले. तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हौशी हॅम रेडिओवाल्यांनी बाहेरच्या जगाशी संपर्क चालू ठेवला. नव्या यंत्रांशी माझं भांडण नाही. लढाईत तीच लागणार. पण ती गप्प होतात त्या दिवशी जुनं काम येणारा एक तरी माणूस हाताशी हवा. म्हणून त्याची थट्टा करण्याआधी त्याच्याकडून ते काम शिकून घ्यावं.

हवालदार साहेब आता पेन्शनीवर आहेत. जाण्याआधी दोन पोरांना मोर्स शिकवून गेले. नाव ठेवणारा त्यातलाच एक.

जय हिंद!