नेत्रवैद्याचा एक रुग्ण

लहानपणी आमच्या अंत्रुज महालातील देवळात मी गर्विष्ठ मुलगा म्हणून ओळखला जात असे. पालखीच्या दिवशी सभामंडपात वडीलधारी मंडळी समोरून येत. बरोबरीची मुले हात जोडून बाजूस सरत आणि मी मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहत, एक अक्षर न बोलता पुढे निघून जाई. ‘एवढ्याशा पोराला एवढा ताठा कसला?’ असे एका महाजनांनी माझ्या वडिलांना चारचौघांत ऐकविले होते. वडील मला रागावले नाहीत. परंतु त्या रात्री आरतीच्या वेळी त्यांनी मला नेहमीप्रमाणे आपल्याजवळ उभे केले नाही. ती शिक्षा मी अद्याप विसरलेलो नाही.

पुढे एका उत्सवात मी अग्रशाळेच्या ओसरीवर आरत्यांचे पुस्तक वाचीत बसलो होतो. गावचे वृद्ध डॉक्टरबाब तेथून जात होते, ते थबकले. पुस्तक माझ्या नाकाला जवळजवळ टेकलेले होते. त्यांनी समोरच्या दीपमाळेकडे बोट करून तिच्यावर दिव्यांच्या किती रांगा आहेत, असे मला विचारले. मी अंदाजाने एक आकडा ठोकून दिला. डॉक्टरबाब हसले नाहीत. वडिलांना बाजूला बोलावून ते एवढेच म्हणाले, ‘ह्या भुरग्याक दूरचें दिसना.’ पंधरा दिवसांनी मला चष्मा लागला आणि माझा सारा गर्व एकाएकी नाहीसा झाला!

ही घरगुती हकीकत सांगण्याचे कारण असे की, पुढे भालबा केळकरांच्या अनुवादांतून मला शेरलॉक होम्स भेटला आणि त्याच्यामागून त्याचा निर्माता भेटला. होम्सच्या सर्व कथांपेक्षा त्या निर्मात्याच्या आयुष्यातील एक सत्यकथा मला अधिक जवळची वाटत आली आहे.

आर्थर कॉनन डॉयल यांचा जन्म 1859 साली एडिंबरोत झाला आणि वैद्यकाचे शिक्षणही तेथेच झाले. तेथे डॉ. जोसेफ बेल नावाचे शस्त्रवैद्य त्यांस गुरू लाभले. आपल्या आयुर्वेदाने रोगपरीक्षेचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन मार्ग सांगितले आहेत. बेल यांचे पहिल्या मार्गावर असामान्य प्रभुत्व होते. एकदा साध्या पोशाखातला एक रुग्ण समोर येताच त्यांनी ओळखले की, हा पलटणीतून नुकताच सुटलेला असून बार्बाडोस बेटात राहून आला आहे. माणूस अदबशीर होता, तरी त्याने टोपी काढली नव्हती. तेव्हा लष्करी सवय अजून गेली नव्हती. आणि त्याला झालेला हत्तीरोग हा इंग्लंडातला नव्हे, वेस्ट इंडीजमधला. ही नजर डॉयल यांनी मनात साठवून ठेवली. पुढे तिलाच त्यांनी शेरलॉक होम्स हे नाव दिले आणि 1892 साली निघालेला होम्सकथांचा पहिला संग्रह आपल्या गुरूंस अर्पण केला.

1882 साली त्यांनी पोर्ट्‌समथजवळ साउथसी येथे दवाखाना थाटला. रुग्ण थोडे, वेळ भरपूर. त्या फावल्या वेळात लेखन होई. होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ 1887 साली प्रसिद्ध झाली. तिचे सर्व हक्क प्रकाशकाने अवघ्या पंचवीस पौंडांत घेतले होते. पुढे नेत्ररोगांचा विशेष अभ्यास करावा म्हणून डॉयल 1891 च्या आरंभी व्हिएन्नास गेले आणि परत येऊन त्यांनी लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून खोल्या घेतल्या. सकाळी दहाला ते जात, दुपारी तीनचारपर्यंत बसत; दाराची घंटा कधी वाजली नाही, असे त्यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या जबर दुखण्यातून उठताना त्यांनी वैद्यकास रामराम ठोकून लेखणीवर जगण्याचे ठरविले. निश्चय होताच त्या अशक्त माणसाने पांघरुणावरचा रुमाल आनंदाने छताकडे भिरकावला! ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या लघुकथा सुरू झाल्या त्याही त्याच वर्षी, जुलैत. पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे.

म्हणजे नेत्रवैद्याचा व्यवसाय पुरता फसला. परंतु सोळा वर्षांनी त्या नेत्रवैद्याला एक रुग्ण मिळाला.

शापुरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडात स्टॅफर्डशरमधील ग्रेट वायर्ली या गावी पाद्री झाले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर होता. 1903 साली त्या गावात रात्रीच्या वेळी कोणीतरी घोडे व गुरे भोसकू लागले. निनावी पत्रे फिरू लागली. काळ्या वर्णाचा, अबोल, डोळे पुढे आलेला आणि शून्यात पाहिल्यासारखा पाहणारा हा तरुण गावाच्या नजरेत आधीच भरला होता. तो रात्री बापाच्याच खोलीत निजत असे आणि त्या खोलीस कुलूप असे. तरी पुराव्याच्या नावाखाली त्यास सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी त्याला सोडले, पण निर्दोष ठरवून नव्हे. त्याचा धंदा बुडाला तो बुडालाच.

1907 च्या जानेवारीत लंडनच्या एका हॉटेलात दोघांची भेट ठरली. डॉयल यांस यावयास थोडा उशीर झाला. जॉर्ज वाट पाहत वर्तमानपत्र वाचीत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी निकट, किंचित तिरका धरलेला. नेत्रवैद्याला एवढे पुरे झाले. आठ डायॉप्टरची लघुदृष्टी असलेला हा मनुष्य अंधाऱ्या रात्री शेते आणि आगगाडीचे रूळ ओलांडून जनावरावर नेमका वार करील कसा? आणि जी शून्य नजर लोकांस पापी वाटली, ती तर आंधळेपणाच्या उंबरठ्यावरची नजर! डॉयल यांनी ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लेख लिहून देश हलविला. सरकारने मे महिन्यात क्षमा केली. मात्र निनावी पत्रांचा ठपका कायम ठेवून भरपाई नाकारली. जॉर्जला वकिलीची सनद परत मिळाली. इंग्लंडात त्याच साली फौजदारी अपिलांचे न्यायालय स्थापन झाले, त्यामागच्या कारणांत या प्रकरणाचाही वाटा होता.

डॉयल यांची नजर नेहमीच अचूक ठरली, असे मात्र नव्हे. महायुद्धाच्या अखेरीस त्यांचा मुलगा गेला. मृतात्म्यांशी बोलता येते ही श्रद्धा त्यांनी पुढे प्राणपणाने जपली आणि 1920 साली दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी म्हणून जगापुढे मांडली. त्यांतील पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या, हे त्या मुलींनी म्हातारपणी, 1983 साली कबूल केले. डॉयल 1930 सालीच निवर्तले होते. मनाला एखादी गोष्ट हवीशी वाटू लागली की शिकलेली नजरही तेच पाहते. ग्रेट वायर्लीच्या लोकांचे तरी दुसरे काय झाले होते? त्यांना अपराधी हवा होता. तो त्यांना एका तरुणाच्या चेहऱ्यावर दिसला.

म्हणून या लेखकाची थोरवी मला होम्सच्या तर्कचातुर्यात तितकीशी दिसत नाही. दाराशी उभे राहून, बोलण्यापूर्वी, ते क्षणभर नुसते पाहत राहिले, यात ती दिसते. आपण देवळात जातो ते दर्शनासाठी. परतताना सभामंडपात भेटणाऱ्या माणसाला मात्र आपण पाहतोच असे नाही. आता मीच वडीलधाऱ्यांत जमा झालो आहे. पालखीच्या गर्दीत एखादा मुलगा माझ्याकडे पाहूनही न बोलता पुढे गेला, तर ‘ताठा’ हा शब्द माझ्याही ओठांवर येतो. तेव्हा मी तो गिळतो आणि त्या मुलाला हाक मारून दीपमाळेवर दिव्यांच्या किती रांगा आहेत, ते विचारतो.