नाकावरचा दाणा

बाबांच्या डाव्या नाकपुडीच्या कडेला मोत्यासारखा चकाकणारा तो दाणा प्रथम कधी दिसला, हे आम्हा भावंडांपैकी कोणालाच नक्की सांगता येत नाही. तो दुखत नव्हता. दाढी करताना वस्तरा लागे, थेंबभर रक्त येई, खपली धरे आणि पंधरवड्यात पुन्हा तेच. आईने हळद लावली. आम्ही मलमाची नळी आणून दिली. उभा जन्म केळीच्या वाडीत, उन्हात गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बारकाईने कोण पाहतो? अशी २ वर्षे गेली.

अखेर जखम भरेना, तेव्हा त्यांना मुंबईला नेले. तुकडा तपासून निदान आले : बेसल सेल कार्सिनोमा. कर्करोग हा शब्द ऐकताच आई मटकन खाली बसली. सर्जनांनी शांतपणे समजावले. हा कातडीच्या वरच्या थरात, तळाशी उद्भवणारा रोग. गोऱ्या लोकांत तो फार आढळतो, आपल्याकडे कमी. उन्हातील अतिनील किरण हे त्याचे मुख्य कारण. शरीरात अन्यत्र तो क्वचितच पसरतो. मात्र उगवतो तेथील त्वचा, कूर्चा, प्रसंगी हाडही पोखरीत जातो. "आधी आणले असते, तर चार टाक्यांत भागले असते," ते म्हणाले. हे वाक्य बाबांपेक्षा आम्हांलाच अधिक लागले.

गाठीबरोबर भोवतालची थोडी निरोगी त्वचाही काढली गेली. सूक्ष्मदर्शकाखाली कडा स्वच्छ दिसल्या. पण नाकपुडीच्या जागी खळगा उरला. आधारासाठी तेथे कानाची कूर्चा बसवली. मग कपाळावरील त्वचेची पट्टी सोडवून, भुवईपाशी तिचा देठ तसाच राखून, ती खाली वळवून नाकावर शिवली. नव्या जागी रक्तपुरवठा रुजेपर्यंत, सुमारे ३ आठवडे, तो देठ कापता येत नाही.

त्या दिवसांत बाबांनी उंबरठा ओलांडला नाही. आरसा भिंतीकडे फिरवला. रविवारची मिस्सा कधी न चुकवणारा माणूस म्हणे, "पोरं घाबरतील."

एका संध्याकाळी आम्ही त्यांना एक जुनी हकिकत वाचून दाखवली. ती लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ साली छापली होती. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत पडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने मेणाचा साचा करून कपाळावर माप घेतले आणि तेथली कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. ती हकिकत वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

बाबा उठून बसले. "आमच्या डॉक्टरांनीही चंदेरी कागद कापून माप घेतलं होतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, "त्या कारागिराचं नाव काय?"

नाव त्या हकिकतीत नाही, असे आम्ही सांगितले.

"गाडीवानाचं नाव राहिलं, आणि ज्यानं नाक दिलं त्याचं नाही!" एवढे बोलून ते बराच वेळ गप्प बसले. पुढच्या रविवारी मात्र नाकावर पट्टी बांधून ते आमच्याआधी ओटीवर तयार होते. चर्चमध्ये मुलांनी पाहिले, पुन्हा पाहिले आणि आपल्या खेळात रमली.

आता कपाळावर एक उभी फिकट रेघ आहे आणि नाकाची एक बाजू जरा जाड. ठरल्याप्रमाणे तपासणीला जावे लागते. वाडीत टोपी घालूनच जायचे, असा आईचा दंडक आहे. पण मिस्सा सुटल्यावर बाबांची नजर हल्ली लोकांच्या चेहऱ्यांवर फिरते. कोणाच्या गालावर, कानाजवळ खपली दिसली, की ते थांबवून विचारतात, "किती दिवस झाले हिला?"

उत्तर महिन्याच्या वर गेले, की ते त्यांना आपले कपाळ दाखवतात. हा प्रश्न आम्ही त्यांना वेळेवर विचारला नव्हता.